कानातलं नाव, भिंतीवरचं नाव

जपानमध्ये 'मासारू' नावाचे पुरुष पुष्कळ. नाव नुसतं कानावर पडलं तर 'सरस ठरणारा' एवढंच कळतं. पण हा मासारू कोणत्या अक्षरानं लिहायचा ते त्याच्या आईवडिलांनी ठरवलेलं असतं, आणि नावाचा जीव त्या निवडीत असतो. एक मासारू लिहितात 'जय' या अर्थाच्या कांजीनं, म्हणजे चिनीतून आलेल्या अक्षरानं. गच्च भरलेलं अक्षर. त्याच्या उजव्या अंगाला, तळाशी, 'बळ' या अर्थाचं दोन फटकाऱ्यांचं चिन्ह आहे आणि वरचा सगळा भार जणू त्यानंच पेललाय. दुसरा मासारू लिहितात अगदी निराळ्या कांजीनं. तिच्या डाव्या कडेला माणूस उभा आहे: एक तिरकी रेघ, एक सरळ. उजवीकडच्या भागाचा स्वतंत्र अर्थ 'दुःख, काळजी'. वर डोकं, मधे काळीज, खाली जड झालेली पावलं. हा माणूस आणि हे दुःख मिळून जे अक्षर होतं, त्याचा अर्थ 'हळुवार' असाही आहे आणि 'श्रेष्ठ' असाही.

अभ्यासक सांगतात की उजवीकडचा भाग मुळात उच्चार दाखवायला आला. प्राचीन चिनी लिपीचे मोठे जपानी संशोधक शिराकावा शिझुका (१९१०–२००६) यांनी या अक्षराचं मूळ शोकविधीत, शोक करणाऱ्याचे हावभाव वठवणाऱ्या नटापर्यंत नेलं आहे. 'नट' या अर्थाच्या जपानी शब्दात ते अक्षर आजही येतं. पण पाळण्यातल्या मुलाकडे बघणाऱ्या आईबापांना दिसतो तो दुसऱ्याच्या दुःखाशेजारी उभा राहिलेला माणूस. हे लोकांनी लावलेलं वाचन आहे, कोशातलं नव्हे, आणि मला ते कोशाइतकंच खरं वाटतं. कारण मुलाला मोठेपणी 'तुझं नाव हे का ठेवलं' म्हणून सांगितलं जातं ते हेच. दारातून हाक मारली तर दोन्ही मासारू वळून बघतील. दोघांच्या नावांत दोन निरनिराळ्या प्रार्थना आहेत, आणि त्या हाकेत ऐकू येत नाहीत.

जपानी नावाचं रसग्रहण करायचं ते या फटीतून. उच्चार एकीकडे, चित्र दुसरीकडे. एका उच्चाराला दहा लेखनं असतात आणि एका लेखनाला दहा उच्चार. म्हणून नवी ओळख होताना जपानी माणूस नाव सांगून थांबत नाही, 'कसं लिहायचं?' या प्रश्नाचं उत्तर त्याच्या ओठांवर तयार असतं. 'सूर्यातला यो, भरारीतला शो' अशा धर्तीचं. हे आयुष्यभर, फोनवर, बँकेत, दवाखान्यात म्हटलं जातं. आपल्या नावाचा अन्वय इतक्या वेळा लावणारी माणसं दुसरीकडे विरळाच.

आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. नाव आधी कानात जातं, कागदावर पुढे कधीतरी. जपानमध्ये सातव्या रात्री, 'ओशिचिया'ला, नाव ब्रशनं कागदावर लिहितात. 'मेइमेइशो' म्हणतात त्या कागदाला. तो घरात लावतात, आणि आजीआजोबा त्याच्यासमोर बसून नाव बघतात. शाई वाळेपर्यंत नावाला वजन नसतं.

खुद्द 'नाव' या अर्थाची कांजी बघण्यासारखी आहे. वर 'संध्याकाळ', खाली 'तोंड'. सुमारे इ. स. १०० मध्ये सिद्ध झालेल्या 'शुओवेन जिएझी' या चिनी कोशाचं म्हणणं असं की अंधारात चेहरे दिसेनासे होतात तेव्हा माणसाला तोंडानं आपण कोण ते सांगावं लागतं, म्हणून नाव. शिराकावांना हे पटलं नाही. त्यांच्या मते वरची 'संध्याकाळ' म्हणजे मुळात नैवेद्याचं मांस, आणि खालचं 'तोंड' म्हणजे प्रार्थना ठेवायचं भांडं. मूल काही काळ जगलं-वाढलं की पूर्वजांच्या देवळात नैवेद्य दाखवून त्यांना ते कळवायचं, त्या विधीचं हे अक्षर. पहिल्या अर्थात नाव माणसांना सांगायचं आहे, दुसऱ्यात पितरांना. कोणतं खरं, याचा निवाडा हाडांवर आणि काशाच्या भांड्यांवर कोरलेल्या जुन्या लेखांचे जाणकार करोत. दोन्ही वाचनं त्या सहा फटकाऱ्यांच्या अक्षरात मावतात, आणि एवढ्याशा जागेत एवढं मावणं यातच मला कांजीची कविता दिसते.

या कवितेला छंदाचं बंधन आहे, आणि ते सरकारनं घातलेलं आहे. १ जानेवारी १९४८ पासून लागू झालेल्या कुटुंबनोंदणी कायद्यानं मुलांच्या नावात 'रुळलेली आणि सोपी' अक्षरंच चालतील असं ठरवलं. जन्माची नोंद चौदा दिवसांत करायची, तेवढ्यात अक्षरं पक्की करायची. सुरुवातीला १९४६ च्या सर्वसाधारण यादीतली १८५० अक्षरं तेवढी चालत. ती यादी वर्तमानपत्रं आणि शाळा डोळ्यांपुढे ठेवून केलेली, नावं डोळ्यांपुढे ठेवून नव्हे. दीर्घायुष्याची खूण म्हणून पिढ्यान् पिढ्या नावात येणारे करकोचा आणि कासव त्यात नव्हते, वाघ नव्हता, कार्प मासा नव्हता. लोकांची ओरड झाली आणि १९५१ मध्ये खास नावांसाठी ९२ अक्षरं मोकळी केली गेली. त्यात ही सगळी जनावरं परत आली. मग यादी वाढत गेली. आजची लाडकी नावं कायद्यानं केव्हा दार उघडलं त्यावर अवलंबून आहेत: 'आओइ' हे रोपट्याचं अक्षर १९७६ चं, 'भरारी' १९८१ चं, 'कमळ' १९९० चं. २००४ मध्ये एकदम ४८८ अक्षरांची भर पडली. त्यात आईबापांनी हट्टानं मागितलेली 'स्ट्रॉबेरी' होती. त्या वेळच्या पहिल्या मसुद्यात मात्र 'विष्ठा', 'प्रेत', 'कर्करोग' अशीही अक्षरं होती, कारण निवड वापर आणि सोपेपणा बघून केली होती, अर्थ बघून नव्हे; नागरिकांच्या हरकतींनंतर ती गळाली. आज सर्वसाधारण यादीतली २१३६ आणि नावांसाठीची ८६३, अशी २९९९ अक्षरं हाताशी आहेत. यादी अर्थाची राखण करू शकत नाही, हे १९९३ मध्ये आकिशिमा शहरातल्या एका प्रकरणात दिसून आलं होतं. एका बापानं मुलाचं नाव 'आकुमा', म्हणजे सैतान, असं नोंदवायला दिलं. दोन्ही अक्षरं यादीतली. प्रकरण कोर्टात गेलं, देशभर गाजलं, आणि शेवटी मुलाला दुसरं नाव मिळालं.

अक्षरांमागून काळ कसा वाहतो ते बघायचं तर शोवा युगाइतकी दुसरी जागा नाही. मेइजी यासुदा ही आयुर्विमा कंपनी आपल्या विमाधारकांच्या नोंदींवरून दरवर्षी लोकप्रिय नावांची यादी काढते, आणि ती मागे १९१२ पर्यंत जाते. त्या वर्षी नव्या सम्राटाबरोबर ताइशो युग सुरू झालं. 'ताइशो'तलं 'शो' उचलून मुलांना 'शोइची' म्हणजे शोचा पहिला, पुढच्या वर्षी 'शोजी' म्हणजे दुसरा, त्याच्या पुढच्या वर्षी 'शोझो' म्हणजे तिसरा, अशी नावं पडली. नाव ऐकलं की जन्मसाल कळावं. शोवा युग २५ डिसेंबर १९२६ ला सुरू झालं आणि त्याचं पहिलं वर्ष एका आठवड्यात संपलं, म्हणून शोवाच्या 'पहिल्या'ला यादीत चढायला अवसरच मिळाला नाही. १९२७ मध्ये थेट 'दुसरा' आला, १९२८ मध्ये 'तिसरा'.

हे झालं मुलांचं. युगाच्या नावातलं पहिलं अक्षर, 'उजळणं' या अर्थाचं, त्यांनी घेतलं. दुसरं, 'वा', मुलींकडे आलं. 'वा' म्हणजे सलोखा, मेळ, शांतता. नावात त्याचा उच्चार 'काझु' होतो, आणि पुढे मुलीच्या नावातलं 'को' जोडलं की 'काझुको'. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची दोन दशकं बहुतेक वर्षं हेच नाव मुलींच्या यादीत पहिलं. हे 'को' मुळात 'मूल' या अर्थाचं अक्षर. जुन्या हेइआन काळात ते दरबारातल्या थोर घरच्या स्त्रियांच्या नावात असे; मेइजी काळानंतर ते शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या घरांत उतरलं आणि १९८० नंतर हळूहळू ओसरलं. राजघराण्यातल्या मुलींनी मात्र ते सोडलेलं नाही.

'वा'ची घडण बघा. डावीकडे धान्याचं ताट, कणसाच्या भारानं शेंडा किंचित कललेलं. उजवीकडे तोंड. सामान्य वाचकाला त्यात दिसतं ते सोपं आहे: तोंडात घास आहे तिथे शांतता आहे. शिराकावा इथेही वेगळं सांगतात. त्यांच्या मते डावीकडचं चिन्ह म्हणजे लष्करी छावणीच्या दाराशी रोवलेला खांब आणि उजवीकडचं भांडं प्रार्थनेचं, म्हणजे लढाई थांबवून केलेला तह. घास घ्या किंवा तह घ्या, ज्या वर्षांत हे नाव घरोघर लिहिलं जात होतं त्या वर्षांपुढे दोन्ही अर्थ अंगावर येतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत मुलींमध्ये पहिली 'काझुको' होती आणि मुलांमध्ये पहिला 'मासारू', जयाच्या अक्षरातला. एकाच घरात, एकाच हातानं, भावाच्या कागदावर 'जय' आणि बहिणीच्या कागदावर 'शांतता' लिहिलेली असेल. यात विसंगती शोधण्यात मला अर्थ वाटत नाही. आईबापांना दोन्ही हवं होतं, आणि मुलगा मोठा झाला की रणांगणावर जाईल ही धास्तीही त्यांच्या मनात असणार.

मग १९४५ उलटलं. १९४६ मध्ये मुलांच्या यादीत पहिलं आलं 'मिनोरू'. या नावाशी मी सर्वांत जास्त रेंगाळतो. त्याच्या कांजीत डावीकडे तेच धान्याचं ताट आहे, 'वा'मधलं. उजवीकडे वर 'आत्ता' आणि त्याच्या पोटाखाली 'काळीज'. दोन्ही मिळून 'मनात धरून ठेवणं'. सगळ्या अक्षराचा अर्थ: धान्य पिकणं, दाणा भरणं. उजवा भाग उच्चारासाठी आलाय हे खरं, तरी 'धान्य, आत्ता, काळीज' ही तीन चित्रं ज्या क्रमानं डोळ्यांपुढे येतात त्या क्रमानं १९४६ च्या जपानची अवस्था सांगतात. शहरं जळालेली, रेशन अपुरं, लोक किमोनो घेऊन गावोगाव तांदूळ-रताळ्यांशी बदलत फिरणारे. अशा साली आईबाप मुलाचं नाव ठेवतात 'पीक येवो'. जयाचं अक्षर आदल्या वर्षापर्यंत पहिलं होतं. एका वर्षात त्याची जागा भरल्या कणसानं घेतली. त्या नावात हरल्याची बोच नाही, सूड नाही, मोठा संकल्पही नाही. आणि हेच अक्षर १८५० च्या यादीत नव्हतं! १९४८ पासून १९५१ पर्यंत, ती ९२ अक्षरं येईतो, कोणाला मुलाचं नाव या कांजीनं ठेवता आलं नाही.

सगळीच नावं मागणं मागत नाहीत. काही मूल लपवतात. सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीला उतारवयात मुलगा झाला तो १५८९ मध्ये. त्याला म्हणत 'सुते', म्हणजे टाकलेला. नंतर त्याला करकोचा आणि पाइन या दोन दीर्घायुषी अक्षरांचं 'त्सुरुमात्सु' हे नाव मिळालं, तरी तो १५९१ मध्ये गेला. १५९३ मध्ये दुसरा मुलगा झाला. त्याचं नाव 'हिरोइ', सापडलेला, उचलून आणलेला. टाकून दिलेलं मूल कोणीतरी उचलून आणलं असं नाटक केलं की ते जगतं, अशी समजूत. धोंडू, दगडू, केरबा ही नावं ज्यांच्या घराण्यात आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. हिदेयोशीनं साऱ्या जपानवर सत्ता मिळवली होती. मुलाच्या नावापुढे तो धोंडूच्या बापाइतकाच हतबल होता. गरिबांच्या घरी मुली जास्त झाल्या की 'तोमे' म्हणजे थांब, 'सुए' म्हणजे शेवटची, अशीही नावं पडत. साताऱ्यात २०११ मध्ये 'नकुशा' नावाच्या मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली; त्यांची जुनी नावं याच जातीची. असल्या नावांचं रसग्रहण करायला मन धजत नाही. ती वाचायची आणि पुढे व्हायचं.

अलीकडच्या नावांत अक्षरं उजळ झाली आहेत. 'हारुतो' हे नाव एका लेखनात 'सूर्य' आणि 'भरारी' असं लिहितात. भरारीच्या अक्षरात डावीकडे मेंढी आहे, उजवीकडे पंखांची जोडी. मेंढी उच्चारापुरती, उडणं पंखांचं. पंख न हलवता घारीसारखं तरंगत राहणं, असा त्या शब्दाचा नेमका अर्थ आहे. फडफड नाही. मला सूर्य जोडला की हे अक्षर जरा दिपून गेल्यासारखं वाटतं. एकटं 'शो' म्हणून ते जास्त उंच जातं.

याउलट 'हिमारी' या नावात जोडीनं काम साधलंय. सूर्यफुलाला जपानीत 'हिमावारी' म्हणतात. त्यातला 'वा' गाळला की हिमारी. लिहायचं 'सूर्य' आणि 'आओइ'. आता हे आओइ म्हणजे काय? जुन्या काळी ते दोन पानांचं एक लहान रोपटं, डोंगरातल्या सावलीत वाढणारं, हृदयाकृती पानांचं. मे महिन्यात क्योतोच्या आओइ उत्सवात मिरवणुकीतली माणसं ती पानं अंगावर माळतात. तोकुगावा घराण्याच्या मानचिन्हात तीच तीन पानं गोलात फिरलेली आहेत. आणि तेच अक्षर सूर्यफुलाच्या नावातही येतं, जे फूल अमेरिकेतून आलं आणि उन्हाकडे तोंड करतं. म्हणजे हिमारी नावाच्या मुलीच्या एका अक्षरात सावलीतलं पान आणि उन्हातलं फूल दोन्ही आहेत. आईबापांनी बहुधा फुलाचाच विचार केला असेल. पण अक्षर आपलं जुनं सामान घेऊनच येतं. ते उतरवून ठेवता येत नाही, आणि कांजीतल्या नावाची श्रीमंती मला त्यातच वाटते.

जिथे अक्षरांचा निम्मा उच्चार तोडून गोड ध्वनी जुळवतात, तिथे माझं मन रमत नाही. 'काळीज' आणि 'प्रेम' ही दोन अक्षरं घेऊन 'कोकोआ' म्हणणं, हे अशातलं. अडचण गोडपणाची नाही. 'प्रेम' या अर्थाचं अक्षर एकटंच इतकं भरलेलं आहे की त्याच्या शेजारी दुसरं काळीज ठेवायला जागा उरत नाही. त्याच्या मधोमध काळीज आधीच आहे, खाली जड पावलं आहेत. शिराकावांना त्यात निघून जाताना मागे वळून बघणारा, मन मागे ठेवून चाललेला माणूस दिसला. काळजाचा आणि पावलांचा हा खालचा भाग 'दुःख' या अक्षरातही रेघ न् रेघ तसाच आहे. फरक काय तो वरच्या भागात. १ डिसेंबर २००१ ला जन्मलेल्या राजकन्येचं नाव याच अक्षराचं: आइको. ते चिनी तत्त्वज्ञ मेन्सियसच्या एका वचनावरून घेतलं गेलं. जो प्रेम करतो त्याला प्रेम मिळतं, जो मान देतो त्याला मान मिळतो, असा त्याचा आशय. त्यातल्या प्रेमातून तिचं नाव आलं आणि मानातून 'तोशी' ही तिची राजघराण्यातली उपाधी. दोन अक्षरं, 'प्रेम' आणि 'मूल'. इतकं साधं नाव राजवाड्यातून आलं आणि लोकांना ते आपलं वाटलं.

नावातल्या फटकाऱ्यांची संख्या मोजून भाग्य ठरवण्याचं एक मोठं शास्त्र तिथे चालतं, आणि कित्येक घरांत सुंदर अक्षर एका फटकाऱ्यापायी बाद होतं. त्याबद्दल मला जास्त लिहावंसं वाटत नाही. आकड्यांत बसवलेलं नाव वाचताना हात कुठे थांबला ते दिसत नाही.

प्राथमिक शाळेत मुलांना पुष्कळदा घरचा अभ्यास मिळतो: आपलं नाव कोणी ठेवलं, ही अक्षरं का निवडली, ते घरी विचारून या. सात-आठ वर्षांचं मूल आईसमोर वही घेऊन बसतं आणि तिला त्या सातव्या रात्रीचं उत्तर द्यावं लागतं. कवीला आपल्या कवितेचा अर्थ विचारणारा एवढा हक्काचा वाचक क्वचितच मिळतो. बऱ्याच घरांत सांगणारा एकच नसतो. आजोबांना एक अक्षर हवं असतं, आईला एक ध्वनी, बापाच्या नावातलं एक अक्षर पुढे न्यायचं असतं, आणि मुलाच्या वहीत हे सगळं तीन ओळींत उतरतं.

इतकी वर्षं कुटुंबनोंदवहीत, 'कोसेकी'त, या नावांचा उच्चार लिहिलेलाच नव्हता. होती ती फक्त अक्षरं. नाव कसं म्हणायचं ते कुटुंबाच्या तोंडी होतं. २०२३ मध्ये कायदा बदलला आणि २६ मे २०२५ पासून उच्चारही नोंदला जाऊ लागला. त्यासाठी नियम आला की उच्चार त्या अक्षराला सामान्यतः मान्य असा हवा: 'उंच' लिहून 'बुटका' वाचता येणार नाही, 'तारो' लिहून 'मायकेल' म्हणता येणार नाही. नगरपालिकांनी लोकांना त्यांच्या नावाचा उच्चार छापून पत्रं पाठवली. छापलेला उच्चार चुकला असेल तर वर्षभरात कळवून तो दुरुस्त करून घ्यायची सोय ठेवली. अक्षर बदलायचं असेल तर मात्र आजही कुटुंब न्यायालयात जाऊन सबळ कारण सांगावं लागतं.